डब्यात जपलेली प्लेट

"मान सरळ कर की गं!" पायलची आई खुर्चीमागून ओरडली. पायलने मान सरळ केली. तशी तिची हनुवटी मागे गेली आणि तोंड उघडं पडलं. ओठ मिटेनात. जरा वेळाने मान आपोआप पुढे आली.

मी शहरातल्या सावेडी भागात दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. दातांची हत्यारं धुते, जंतू मारायच्या मशीनमध्ये घालते, लहान मुलांचं डोकं धरते. त्या दिवशी पायलचं डोकं माझ्याच हातात होतं.

ती तेव्हा दहा वर्षांची होती. नेवाशाच्या पुढच्या खेड्यातून दोघी एसटीने आल्या होत्या. पायलचे वरचे दात पुढे होते, खालचा जबडा मागे. चालताना मान खांद्यांच्या पुढे जायची. शाळेत पोरं तिला कासव म्हणत. लेझीम खेळताना सर तिला मागच्या रांगेत उभं करत.

"दाताचं ऱ्हाऊ द्या मॅडम, मानंचं बघा," आई आमच्या डॉक्टर मॅडमना म्हणाली. "पट्टा लावला, चार रट्टे दिले, काय फरक न्हाई."

"मारू नका हो तिला," मॅडम म्हणाल्या. "जबडा मागे आहे, त्यामुळे श्वासाला जागा कमी पडते. म्हणून ती मान पुढे काढते. सगळ्यांचं असंच असतं असं नाही. कुणाची मान नुसत्या बसण्याच्या सवयीनेही वाकते. पण हिचा जबडा आणि मान एकमेकांत अडकलेत."

त्यावर उपाय होता. वरच्या दातांवर एक आणि खालच्या दातांवर एक अशी दोन भागांची, काढता-घालता येणारी प्लेट घालायची. ती खालचा जबडा पुढे धरून ठेवते. मूल वाढत असतं, तेव्हा जबडाही तसा वाढायला मदत होते. वाढ थांबली की तिचा फारसा उपयोग नाही.

"रात्रंदिवस घालायची, जेवतानासुद्धा," मॅडमनी बजावलं. "आणि नीट जपा."

आईने प्लेटसाठी शेळी विकली. महिन्याने दोघी आल्या, तेव्हा प्लेट पायलच्या तोंडात होती. मग कांद्याची लागवड आली, पुढे ऊस आला. येणं राहिलं. मॅडमनी मला फोन लावायला सांगितलं.

"पायल प्लेट घालते ना?" मी विचारलं.

"व्हय ताई, एकदम चांगली हाय प्लेट."

मी तसंच मॅडमना सांगितलं.

दोन वर्षांनी त्या परत आल्या. पायल आईच्या कानापर्यंत उंच झाली होती. मान मात्र आणखी पुढे. आईने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत रुमाल, रुमालात पायलचे लहानपणचे चांदीचे वाळे आणि शेजारी प्लेट.

"बघा मॅडम, नवीच्या नवी ठिवली. एक चरा न्हाई."

मॅडमनी प्लेट उलटसुलट करून पाहिली. "ती घालत नव्हती?"

"घालती की. लग्नाला, जत्रंला, मागं हितं आलो तवाबी. रोज घातली तर झिजंल न्हाई का?"

"मी मागत हुते," पायल खाली बघत म्हणाली. "आई म्हनायची, शाळंत हरवशील."

मॅडमनी प्लेट बसवून पाहिली. बसली नाही. मग बाजूने एक्स-रे काढला. त्यात जबड्याबरोबर मानेचे मणकेही दिसतात. मणक्यांच्या आकारावरून वाढ किती उरली त्याचा अंदाज येतो. पायलची जवळजवळ संपली होती. वर्षापूर्वी तिची पाळीही सुरू झाली होती.

"आता प्लेटने जबडा पुढे येणार नाही," मॅडम हळू म्हणाल्या. "दात थोडे आत घेता येतील. मानेला व्यायाम देऊ, त्याने बरं वाटेल. जबड्याचं ऑपरेशन मोठी झाल्यावर, तेही करायचं ठरवलं तर."

"म्या तर जपली हो," आई म्हणाली. डब्याचं झाकण तिला लागेना. ते मी लावून दिलं.

दारातून जाताना पायलची मान पुढे झाली. "मान सर..." आई बोलायला लागली आणि थांबली. मग तिने नुसता हात लेकीच्या पाठीवर ठेवला. दोघी रिक्षाकडे गेल्या.

आता मॅडम प्लेट देताना आयांना सांगतात, "पुढच्या वेळी ही झिजलेली, डाग पडलेली दिसली पाहिजे. नवी दिसली तर मी रागवेन."

आया हसतात. मला तो फोन आठवतो. मी ट्रे पुसत राहते.