पायात कडं घातलेलं पाखरू

आता काय सांगू तुम्हाला, माझ्यासारखा संशयी माणूस अख्ख्या मेहकरात सापडायचा नाही! अहो, मी एका पाखरावर आळ घेतला. तोही थोरल्या भावाच्या दहाव्याला!

दादा गेला तरी चुकून त्याचंही ताट वाढत होतो, असे ते दिवस. पैनगंगेच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. सगळे कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. मी म्हटलं, दादाचा जीव धुऱ्यात अडकला! धुरा म्हणजे शेताचा बांध; त्यावरून त्याचं आणि चुलतभाऊ संपतचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. आणि तोच संपत पिंडासमोर हात जोडून सगळ्यांत पुढे! काऊन बरं?

तेवढ्यात शेपूट हलवत एक धोबी पाखरू आलं आणि पिंडाजवळची शितं टिपू लागलं. बघतो तर पायात चकचकीत कडं!

रानातल्या पाखराला कडं कोण घालतं? झालं! मी खांद्यावरचा दुपट्टा फेकला, पाखरू धरलं आणि ओरडलो, "संपत्या, कावळ्याच्या बदली पाखरू पाळलं काय बे, पिंड उरकायले?"

"मले घरची कोंबडी आवरत नाही," संपत म्हणाला, "हे कुठून पाळू?"

गावच्या मास्तरांनी कडं वाचलं. इंग्रजीत एक नंबर आणि 'मुंबईला कळवा'.

"मुंबई यंदा आपल्या राज्यात आली, तं आता आमच्या पिंडावरही नजर काय?" मी भडकलो.

"सोड बे त्याले!" मास्तर खेकसले.

पाखरू उडालं. कावळे तर केव्हाच पळाले होते. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

मी गप्प बसतो काय? मास्तरांकडून मुंबईला तक्रार लिहवून घेतली, कड्यावरच्या नंबरासकट: पाखरू कोणाचं? धाडलं कोणी?

महिन्याने तिथल्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं उत्तर आलं. चक्क आभार! पाखरू रानातलंच. कुठून कुठे जातं ते कळावं म्हणून कडं त्यांनीच घातलेलं, तिकडे समुद्राकाठी. खाली एक प्रश्न: तेव्हा जवळ आणखी कोणते पक्षी होते?

मला कुठलं आठवायला! मान खाली घालून संपतच्या दारात गेलो. पिंडासमोर तोच होता ना.

"लिही," तो म्हणाला, "एक कावळा. पिंडापासून हातभर. चोच पुढं केलीच होती त्यानं."

"मंग?"

"मंग तुहा दुपट्टा आला."

"तवाच काऊन नाही सांगितलं, संपतभाऊ?"

"सांगितलं असतं, तं तू म्हनला असता, कावळाबी माहाच पाळेल हाय!"