छताला हात लावायचा नाही

यॉर्कशरमधल्या आमच्या प्राथमिक शाळेत दोन नियम नांदतात आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. एक म्हणतो, आगीची सूचना देणारी यंत्रं प्रत्येक छताला बसवा. दुसरा म्हणतो, छतात अ‍ॅस्बेस्टॉस आहे, त्याची धूळ फुफ्फुसात गेली की तीस-चाळीस वर्षांनीही कॅन्सर होऊ शकतो, ड्रिल लावू नका. मधल्यामध्ये भरडला जातो आमचा केअरटेकर क्लिफर्ड ऑग्डन. चौतीस वर्षं झाली त्याला इथे. चहात चार चमचे साखर घेतो, तरी जीभ तिखट ती तिखटच.

आग पसरू नये म्हणून बसवलेली जाड दारं बंद ठेवायची असतात. मास्तरणी त्यांच्याखाली पाचर मारतात, हा लाथ मारून काढतो, पाठ फिरली की पुन्हा पाचर! एकीने तर आग विझवायचं नळकांडंच दाराला टेकू म्हणून लावलं होतं. धन्य आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसचं रजिस्टर माझ्या, म्हणजे सेक्रेटरीच्या, टेबलावर असतं. कुठल्या खोलीत काय आहे ते सगळं त्यात लिहिलंय. कामाला आलेल्याने ते वाचून सही करायची. वाचतो कोण? "कुठे करू सही, ताई?" एवढंच विचारतात. वैतागून क्लिफर्डने मधल्या एका पानावर लिहून ठेवलं, 'इथवर वाचलंत तर ऑफिसात केक मागा.' दोन वर्षांत एक्केचाळीस सह्या झाल्या, केक एकानेही मागितला नाही. तो मीच खाल्ला.

गेल्या मंगळवारी तेच झालं. शुक्रवारी अग्निसुरक्षेची तपासणी होती, म्हणून हेडबाईंनी घाईघाईने वायरमन बोलावला. त्याने सही ठोकली आणि थेट बालवर्गात शिडी लावली. छताला एक भोक पडलं तेवढ्यात क्लिफर्डने प्लग खेचला.

"उतर खाली!"

"अहो काका, मी सही केलीय."

"सही माझं कुत्रंही करेल. वाचलंस काय?"

तीस मुलं जेवणाच्या हॉलमध्ये हलवली. वर्गाला कुलूप लागलं. हेडबाई लालबुंद झाल्या.

"शुक्रवारी मी काय सांगू? उद्या आग लागली तर?"

"लागली तर मुलं दारातून बाहेर पडतील, बाई. छातीत गेलेली धूळ कुठल्या दारातून काढणार?"

दुपारभर पालकांचे फोन मीच झेलले. कान किटले. शेवटी माझाही तोल सुटला.

"क्लिफर्ड, एका भोकासाठी केवढा तमाशा! तुला शाळेत तूच शहाणा वाटतोस का?"

तो भांडला नाही. खुर्चीत बसला.

"नोरीन, रजिस्टर यायच्या आधी त्याच छताला दर नाताळात मी भोकं पाडायचो. कागदी चांदण्या टांगायला. वर्ग चालू असायचा. मग कोरडा झाडू मारायचो. छतात काय आहे ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं गं." त्याने टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "तुझी हेझल त्याच वर्गात होती."

माझी लेक हेझल आता तेहेतीस वर्षांची आहे. त्या डिसेंबरात तिच्या स्वेटरवर पांढरं काहीतरी असायचं आणि मी तो रोज स्वयंपाकघरात झटकायचे. मला वाटायचं, खडू आहे.