ट्रिगरजवळचे दोन स्क्रू

माझं शेवटचं पोस्टिंग क्लोनडॉकिन, डब्लिनच्या पश्चिमेला. ऑर्डर लेकीने काढली. केतकी इथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे. "बाबा, तिकडे एकटे राहू नका," म्हणाली आणि मी ट्रंक भरली. त्याआधी चोवीस वर्षं मी पलटणीत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांचा मेकॅनिक. हवालदार म्हणून निवृत्त झालो. जवान मला उस्ताद म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझा कुणावरच विश्वास नसे. "सब ठीक, उस्ताद," असं कुणी म्हणालं की संशय दुप्पट व्हायचा. गंजाचा ठिपका दिसला की अख्ख्या प्लाटूनसमोर त्या जवानाची खरडपट्टी काढायची, ही माझी पद्धत. सवय इथेही गेली नाही. झोपण्यापूर्वी मी गॅस, मागचं दार आणि केतकीने तपासलेलं पुढचं दार पुन्हा तपासतो.

या वर्षी केतकीने नेमबाजीचा क्लब धरला आणि पॉइंट टू-टूची एक जुनी रायफल घेतली, तिच्या वयाहून मोठी. विकणारा टॉम, क्लबचा जुना सभासद, ऐंशीला टेकलेला. "शी इज ग्रँड," एवढंच म्हणाला. इथे सगळंच ग्रँड असतं, पाऊससुद्धा. लायसन्स केतकीच्या नावावर झालं, गार्डा म्हणजे इथला पोलीस येऊन रायफल ठेवायची तिजोरी पाहून गेला. सोमवारी रायफल घरी आली. किल्ली केतकीकडे, त्यामुळे ती समोर असल्याशिवाय मी हात लावायचा नाही, असं ठरलं. दुरुस्तीला शनिवार मुक्रर झाला. रविवारी दहा वाजता तिला क्लबमध्ये पहिल्यांदा फायर करायचं होतं, दोन्ही बाजूंना पालथं पडून नेम धरणारी माणसं असताना.

शनिवारी नऊ वाजता किचनच्या टेबलावर जुनी चादर अंथरली.

"बोल्ट काढ. चेंबर बघ. दाखव."

"रिकामं आहे, बाबा."

"सांगू नकोस. दाखव."

तिने खिट्टीसारखा बोल्ट काढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती पोकळी, दाखवली. मी बोट घालून पुन्हा खात्री केली. मग कामाला लागलो. नळीवरचा गंज तेल आणि बारीक तारेच्या काथ्याने उतरवला. लाकडाला जवसाचं तेल चोळलं. दोन तास छान गेले, खरं सांगायचं तर इथे आल्यापासूनचे सगळ्यात छान. केतकी शेजारी बसून चहा पीत होती, पण नेहमीपेक्षा गप्प होती.

अकरा वाजता रायफल उलटी केली. ट्रिगरजवळच्या दोन स्क्रूंच्या खाचा खाल्लेल्या होत्या. आतला धातू चकाकत होता. जुना ओरखडा काळा पडतो, हा ताजा होता.

मी आधीच उडालेली एक रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घातली आणि बोल्ट जोरात बंद केला. बोट ट्रिगरपासून लांब होतं. तरी आत टक् झालं. पुंगळीऐवजी काडतूस असतं तर गोळी सुटली असती.

"फोन लाव त्या टॉमला."

"बाबा, थांबा ना..."

"लाव."

मी विचारलं, विकण्यापूर्वी ट्रिगर कुणी उघडला? तो म्हणाला, चाळीस वर्षांत स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला खोटारडा म्हणालो. मग त्याने फोन ठेवला.

"बघितलंस? चोराच्या मनात..." मी बोलत होतो, तेवढ्यात केतकी म्हणाली, "मी उघडला, बाबा. मंगळवारी. ट्रिगर फार जड होता. व्हिडिओ बघून हलका केला."

"सकाळपासून समोर बसली आहेस. सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ओरडला असतात."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं.

नाईक दत्ता शेळके, माझ्याच तालुक्यातला. पोस्टवर त्याची रायफल बर्फात घसरून दगडावर आपटली. आतला वाकलेला भाग त्याने पक्कडीने सरळ केला आणि कुणाला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ०६४० ला गस्तीची तुकडी गाडीतून उतरत होती. दत्ताच्या रायफलचा दस्ता गाडीच्या फळीवर आपटला. रेडिओवर मी स्वतः ऐकलं.

"एक कॅज्युअल्टी. गोळी लागली. ओव्हर."

"शत्रूचा फायर? ओव्हर."

"नाही. आपलाच. ओव्हर."

मी एड पोस्टवर, म्हणजे प्रथमोपचार केंद्रावर, पोचलो तोवर दत्ता गेला होता. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, शुद्धीत होता तोवर एकच सांगत होता: उस्तादांना कळवू नका, ओरडतील.

चौकशीत मला विचारलं, रायफल बिघडल्याचं तुम्हाला सांगितलं होतं का? मी म्हणालो, नाही साहेब. ते खरं होतं. का सांगितलं नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. चोवीस वर्षं मी सगळ्यांच्या हत्यारांवर संशय घेतला, माझ्या तोंडावर कधी घेतला नाही.

हे सगळं मी त्या टेबलाशी केतकीला सांगितलं. पहिल्यांदाच. मध्ये रडू आलं, ते थांबवलं नाही.

मग टॉमला पुन्हा फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, यू'र ग्रँड, म्हणजे असू दे. रविवारी केतकी क्लबला गेली नाही. सोमवारी रायफल लायसन्सवाल्या कारागिराकडे गेली.

बुधवारी ड्यूटीवरून आल्यावर ती दारातच थांबली.

"बाबा, गाडी खांबाला घासली."

"तुला लागलं का?"

"नाही."

"मग आत ये. जेवून घे."

ती आत गेली. मी दारात उभा राहिलो, दत्तासाठी, सावधानमध्ये. तो सव्वीस वर्षांचा होता.