राहून गेलेली पदवी

मंदी आली तेव्हा मी दुबईच्या ‘बर दुबई’ भागातल्या एका बांधकाम कंपनीत एचआरला होते. शेजारच्या टेबलावरचा सेफ्टी ऑफिसर सामोआ बेटांवरचा होता. अंगाने आडवातिडवा, पण बोलायला अगदी हळू. त्याचे वडील गेले आणि घराण्याने बैठक घेऊन ठरवलं, की त्यांच्यामागे आता यानेच ‘मताई’ व्हायचं, म्हणजे घराण्याचा प्रमुख. वडिलांची पदवी त्याला मिळणार होती. त्यांच्याकडे मग त्या पदवीनेच माणसाला हाक मारतात.

“समारंभाला मी तिथे असायलाच हवं,” तो म्हणाला. “महिनाभर रजा मिळेल?”

तेव्हा रोज कुणाची तरी नोकरी जाऊन व्हिसा कॅन्सल होत होता. मॅनेजर म्हणायचे, “जो सुट्टीवर गेला, तो खलास.” मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “आत्ता जाऊ नकोस. पोरांचं बघ.”

त्याने माझं ऐकलं. घरच्यांनी दोनदा समारंभ पुढे ढकलला, मग पदवी त्याच्या चुलतभावाला दिली.

पुढच्याच महिन्यात कपातीत तोही गेला. कामावरून काढल्याचं त्याचं पत्र मीच टाइप केलं. त्याच्या हातात देताना मला रडू आवरेना.

“तू माझ्या भल्याचंच सांगितलंस, सिस्टर,” तो म्हणाला. “पण आई रोज फोनवर विचारते, तू का आला नाहीस? तिला काय सांगू?”

त्याने सही केली, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि तो जिना उतरून गेला.