शेठची रिंग वेगळी, घरची वेगळी

माझ्या ताईच्या नवऱ्याने मोबाईल घेतला, तेव्हा गुजरातेतल्या मिलवस्तीत, पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी साधा फोनसुद्धा नव्हता. फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या पीसीओवर जायचं, आणि कुणाचा आलाच तर पीसीओवाला पोऱ्याला पाठवून हाक मारायचा. अशा गल्लीत भाऊजी कमरेच्या पट्ट्याला काळा मोबाईल लटकवून फिरू लागले. शर्ट आधी बाहेर सोडायचे, तो आता आत खोचू लागले, नाहीतर मोबाईल दिसला नसता.

मी त्या वर्षी धरणगावहून बी.ए. करून ताईकडे आले होते आणि जवळच्या मराठी शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले होते. घरात ताई, भाऊजी, त्यांची आई आणि मी. भाऊजी आधी एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाक्यांवर कामाला होते. पुढे त्याच मिलला माणसं पुरवणारे ठेकेदार झाले. कष्टाने वर आले, हे मी नाकारत नाही. पण वर आल्यावर त्यांनी काय केलं, तर मिलच्या मालकासमोर, शेठसमोर वाकायला शिकले, आणि शेठसमोर वाकून जे काही दुखलं असेल ते गावाकडून आलेल्या पोरांवर ओरडून भरून काढायला शिकले. दुसरं काही शिकल्याचं मला आठवत नाही.

मोबाईल विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, की यात माणसांचे गट करता येतात आणि प्रत्येक गटाला वेगळी रिंग लावता येते. फोन वाजला, की न बघताच कळतं कुणाचा आहे. येणाऱ्या फोनलाही तेव्हा पैसे पडायचे, त्यामुळे कुणाचा उचलायचा आणि कुणाचा नाही हे आधी कळणं फार कामाचं होतं. पण सगळं इंग्रजीत. भाऊजींनी दोन दिवस एकट्याने बटणं दाबून पाहिली. मग मी समोर बसलेली असताना ताईला म्हणाले, "तुझ्या बहिणीला इंग्रजी येतं ना? सांग तिला."

तो रविवार होता. आम्ही खाटेवर मोबाईल घेऊन बसलो आणि मी एकेक रिंग वाजवून दाखवू लागले. बँडसारखी, बासरीसारखी, पाळण्यावर लावतात त्या खेळण्यासारखी. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. मैफलीला बसल्यासारखी मान डोलवत होते.

त्यांची आई आतून अहिराणीत म्हणाली, "हाई काय वाजी ऱ्हायनं व? कुल्फीवाला उना का?"

"तू गप बस," भाऊजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "ती पहिली परत वाजव. ती शेठची."

शेठसाठी बँडसारखी रिंग ठरली, सगळ्यांत मोठ्या आवाजाची. मार्केटमधल्या व्यापाऱ्यांसाठी बासरी. कामगार आपापल्या वस्तीतल्या ज्या पीसीओवरून फोन करायचे, ते नंबर एका गटात टाकून त्यांना साधी ट्रिंग ट्रिंग. मग घर उरलं. घर म्हणजे कोपऱ्यावरचा पीसीओ, आम्ही दुसरीकडून कुठून करणार?

मी विचारलं, "घरची कुठली?"

"ती एकदाच टुक करते ती लाव."

"भाऊजी, मिलमध्ये मशीनच्या आवाजात ती ऐकूसुद्धा येणार नाही."

"घरचं काय अर्जंट असतं?" ते म्हणाले. "तेल संपलं, पाणी आलं नाही, हेच ना?"

ताई दारात भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. मी टुक लावून दिलं.

त्यानंतर शेठची रिंग हा आमच्या घरातला सण झाला. ती वाजली की भाऊजी जेवता जेवता ताडकन उठायचे. डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावायचे. जणू शेठला फोनमधून त्यांची छाती दिसणार होती! पण लगेच उचलायचे नाहीत. शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईपर्यंत वाजू द्यायचे, आणि मग साखरेत घोळलेल्या गुजरातीत, "बोलो शेठ, शुं हुकम?" ज्या माणसाने आयुष्यात कधी ताईला "तू जेवलीस का" असं विचारलं नव्हतं, त्या माणसाला शेठच्या कुत्र्याची तब्येत विचारताना मी या कानांनी ऐकलं आहे.

मिलमधल्या पोरांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून ताईने मला मिलवर डबा द्यायला पाठवलं. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर भाऊजी बाकावर पाय पसरून बसले होते आणि समोर उभ्या असलेल्या एका यवतमाळकडच्या पोराला झापत होते. पोरगा खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात फाटकाच्या आतून कुणीतरी शिट्टीवर शेठची रिंग वाजवली, अगदी हुबेहूब. भाऊजी उभे राहिले. बटण लावलं. मोबाईल काढून कानाला लावला आणि म्हणाले, "बोलो शेठ."

टपरीवाला तोंड फिरवून स्टोव्हला पंप मारू लागला. झापून घेत असलेला पोरगा इतका हसला, की त्याला खोकला आला. आत शेडमधून दहा-बारा जणांचं हसू ऐकू आलं. भाऊजींनी मोबाईल खाली घेतला, उगाच दोन बटणं दाबली आणि कुणी विचारलेलं नसताना सांगितलं, "लाइन कट गया."

घरी आल्यावर मला म्हणाले, "शेठची रिंग बदल. शिट्टीवर येणार नाही अशी लाव."

मी एक वेडीवाकडी, चढत-उतरत जाणारी शोधून दिली. आठवड्याभरात पोरांना तीही यायला लागली, असं नंतर कानावर आलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि ताई आणि मी हसायचोही. ते बाहेर गेले की ताई पोळ्या लाटता लाटता "बोलो शेठ" करायची आणि तिची सासू खाटेवर पडल्या पडल्या तोंडाला पदर लावायची.

श्रावण संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. दुपारी शाळेतून आले तर दारात बायका जमलेल्या. ताईच्या सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या होत्या. त्यांना मी मावशी म्हणायचे. मावशींचा घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता आणि पाऊल भलतीकडेच वळलं होतं. ताई घामाघूम होऊन पीसीओवरून परत येत होती.

"उचलत नाहीत गं," ती म्हणाली. "तीन वेळा लावला."

मावशी दात आवळून पडल्या होत्या. त्यांनी मुलाचं विचारलं, "पोऱ्या फोन उचलस का नई?"

भाऊजींच्या पट्ट्याला काय वाजून गेलं असेल, ते मला माहीत होतं. एक टुक. कदाचित त्यांनी ऐकलंही असेल आणि तेल संपलं असेल असं म्हणून सोडून दिलं असेल. मला वाटतं, ऐकलंच असेल.

मी ताईला म्हटलं, "मी दुसऱ्या पीसीओवरून करते." आणि मोठ्या रस्त्याच्या पलीकडे पळत गेले. तिथला नंबर त्यांच्या कुठल्याच गटात नव्हता. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बोलो साहेब, शुं सेवा करूं?" नवा नंबर, म्हणजे नवं गिऱ्हाईक, असं वाटलं असणार.

"भाऊजी, मी बोलतेय. मावशी मोरीत पडल्यात. पाय मोडलाय."

पलीकडचा आवाज क्षणात उतरला. "कुणाच्या फोनवरून बोलतेस?"

मी पुन्हा सांगितलं, "तुमच्या आईचा पाय मोडलाय."

"बरं. हळद लावून ठेवा. आज शेठ मिलवर येणार आहेत. मी संध्याकाळी येतो."

माझ्या हातातला रिसीव्हर मी इतक्या जोराने आदळला, की पीसीओवाला माझ्यावर ओरडला.

गल्लीतल्या एका रिक्षावाल्याने आणि समोरच्या भाभीने मिळून मावशींना उचललं. आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, पायाचा फोटो काढला, प्लास्टर घातलं. हे सगळं आटोपून मावशी वॉर्डात पडल्या असताना संध्याकाळी भाऊजी आले. आईच्या पायाशी उभे राहिले. चेहरा पडलेला होता, हे कबूल करते. "फार दुखतंय का?" असं विचारलंही. मावशी काही सांगणार, तेवढ्यात ती नवी वेडीवाकडी रिंग वाजू लागली. वॉर्डातली सगळी माणसं वळून पाहू लागली. नर्स लांबून ओरडली. भाऊजींनी बटण लावलं आणि खिडकीकडे वळले.

"ना ना शेठ, कंई काम नथी. घरे ज बेठो छुं. हमणां आवुं."

घरीच बसलोय, आत्ता येतो. आम्हाला तिघींनाही गुजराती समजत होती. मावशी मुलाच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "हाई घर शे का, बेटा?"

भाऊजी गेले. ताईने डबा उघडला आणि सासूला घास भरवू लागली. त्या दिवसापासून तिने कधी "बोलो शेठ" करून दाखवलं नाही.

दिवाळीनंतर गुजरात्यांचं नवं वर्ष लागतं. त्या दिवशी शेठच्या बंगल्यावर पाया पडायला जायचं असायचं. मावशींचं प्लास्टर निघालं होतं, पण त्या काठीने घरातल्या घरातच चालत होत्या. भाऊजी मला आणि ताईला घेऊन गेले. शिकलेली मेहुणी शेठला दाखवायची होती बहुतेक.

मोठा दिवाणखाना, पाहुण्यांनी भरलेला. आम्हाला दाराजवळच्या खुर्च्या मिळाल्या. मधल्या सोफ्यांवर मोबाईलवाल्यांची सभा भरली होती. चाळीस-पन्नास वर्षांची, ढेरपोटी, सोन्याच्या साखळ्या घातलेली माणसं एकमेकांना मोबाईल वाजवून दाखवत होती आणि खुळखुळा मिळालेल्या लेकरांसारखी खूश होत होती. भाऊजींना राहवलं नाही. ते उठून म्हणाले, "शेठ, माझ्याकडे तुमची रिंग अलग आहे."

"तमारी पण छे!" शेठ हसून म्हणाले. तुमचीही आहे. "लगाओ, लगाओ."

भाऊजींनी नंबर लावला. शेठच्या मोबाईलमधून सर्कशीत विदूषक आत येताना वाजतं तसं टुणटुण टुणटुण काहीतरी वाजू लागलं. ते ऐकताच शेठचा छोटा नातू आतल्या खोलीतून टाळ्या वाजवत पळत आला आणि ओरडला, "लेबरवाळा! लेबरवाळा!"

सगळे हसले. शेठ पाहुण्यांना कौतुकाने सांगू लागले, की घरात आता लहान पोरालाही कळतं. ही वाजली की कुणी उचलत नाही. रोज माणसांची काहीतरी रडगाणी असतात. "वागवा दो," म्हणाले. वाजू द्या.

मोबाईल वाजत होता. शेठने तो टेबलावर ठेवून दिला होता. नातू त्या तालावर नाचत होता. आणि भाऊजी? भाऊजी कानाला आपला मोबाईल तसाच धरून सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होते. मी ताईकडे पाहिलं. ती समोरच्या ताटलीतल्या घारी नावाच्या मिठाईकडे बघत होती. तिने ती खाल्ली नाही.

मला वाटलं होतं, परतताना रिक्षात भाऊजी गप्प बसतील. निदान तेवढी लाज असेल. पण पुलावर येताच ते ताईला कोपराने ढोसून म्हणाले, "पाहिलं का? शेठकडे किती ठेकेदार असतील? पण अलग रिंग फक्त माझी."

त्यांना कळलं नव्हतं, की कळून ते असं बोलत होते, याचा मी पुष्कळ विचार केला. आता करत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी माझं मत बदलत नाही.

त्यानंतर ताईने त्यांना फोन करणंच बंद केलं. गॅस, दूध, कुणाचा ताप, घरमालकाशी भांडण, सगळं ती परस्पर मिटवू लागली. साड्यांना लेस लावायचं काम घरी आणू लागली. भाऊजींना घरातल्या गोष्टी चार-चार दिवसांनी, तेही शेजाऱ्यांकडून कळायच्या. याचा त्यांना रागही आला नाही. उलट फोन कमी येतात म्हणून बरंच वाटलं असावं.

मावशींनी गावी, मुलीकडे जायचं ठरवलं. मलाही उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत घरी जाऊन यायचं होतं, म्हणून मी सोबत निघाले. आईला मुक्कामाला पोचवून येतो म्हणून भाऊजीही निघाले. भुसावळ पॅसेंजरला गर्दी होती. त्यांनी आत शिरून मावशींना खिडकीची जागा धरून दिली आणि शेजारी आपली पिशवी ठेवली. त्यांनी असं काही केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मावशींनाही जरा बरं वाटलं.

गाडी सुटायच्या आधी मोबाईल वाजला. कुणाचा ते सांगायला नको. "आत गडबड आहे, ऐकू येत नाही," असं म्हणत ते फलाटावर उतरले आणि बोलत बोलत लांब नळापाशी गेले. गाडी हलली. ते धावत आले. एक हात कानावरच होता, दुसऱ्या हाताने खिडकीकडे खुणा करत होते. मला वाटलं चढतात. पण ते पिशवी मागत होते.

मी मावशींकडे पाहिलं.

"दी टाक," त्या म्हणाल्या.

मी पिशवी खिडकीतून दिली. त्यांनी ती छातीशी धरली आणि तसेच बोलत उभे राहिले. दारापाशी एक बाई कडेवर लेकरू घेऊन अवघडून उभी होती. मावशींनी काठी जवळ ओढली, शेजारची जागा हाताने झटकली आणि तिला हाक मारली.

"बस व माय. जागा शे."