लाल दिव्याचं बटण

दिवसा तो घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचा आणि शनिवारी संध्याकाळी आइस हॉकीच्या बर्फाळ रिंकवर गोलच्या मागे एका काचेच्या खोक्यात जाऊन बसायचा. खोकं एवढंसं, की बसल्यावर गुडघे काचेला टेकायचे. हाताशी एक बटण. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, रेषेच्या पूर्ण आत गेली की बटण दाबायचं. मग वर लाल दिवा लागायचा आणि चार हजार माणसं एकदम उभी राहायची. याला गोलपंच म्हणतात. त्याच्या आकड्यावर तोवर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं, म्हणून मंडळींनी त्यालाच धरून तिथे बसवलं होतं. गावात त्याला सगळे 'मीटर' म्हणायचे. रागावली की बायकोसुद्धा.

ते सात देशांच्या लीगचे दिवस होते. आज सांगितलं तर थाप वाटते, पण त्या रिंकवर खरोखर सात देशांचे संघ येत. बस लागली की पोरंथोरं दाराशी गोळा व्हायची. पाहुणे खेळाडू जांभया देत, अवजड पिशव्या ओढत उतरायचे आणि सगळ्यात आधी चहा कुठे मिळतो ते खुणेने विचारायचे. मीटरला पाच भाषांतल्या शिव्या यायला लागल्या. आभार मात्र एकाही भाषेत कळत नव्हते, कारण गोलपंचाचे आभार कुणी मानतच नाही.

आत गेलं की ओल्या हातमोज्यांचा आणि रबरी चटयांचा मिळून एक वास यायचा. बाहेर कुणाला तो सहन झाला नसता, मीटरला आवडायचा. खोक्यामागे पहिल्या रांगेत बायको, पायांवर घोंगडी, मांडीवर थर्मास. तिचं लक्ष खेळाकडे कमी आणि गोलकीपरकडे जास्त, कारण गोलकीपर तिचा पाठचा भाऊ. लोक त्याला 'भिंत' म्हणायचे. मीटर आणि भिंत शाळेत एका बाकावर बसलेले. आधी दोस्त, मग मेहुणे. सामना संपला की तिघं मीटरच्या स्वयंपाकघरात. ताई भावाच्या काळ्यानिळ्या दंडाला शेक द्यायची आणि हे दोघं प्रत्येक गोलवर हमरीतुमरीवर यायचे. केवढं सुख होतं ते! पण तेव्हा ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग तो सामना आला. हरेल तो संघ लीगबाहेर. बरोबरी, शेवटचं मिनिट. गोलसमोर सहा-सात जण एकमेकांवर पडले, पाय कुणाचे आणि स्टिका कुणाच्या काही कळेना. आणि लाल दिवा लागला. पाहुण्यांचा गोल!

रेफरी सरकत काचेशी आला. "नक्की?"

"या डोळ्यांनी पाहिलं," मीटर म्हणाला.

हे साफ खोटं होतं. पक आत जाताना त्याने पाहिलाच नव्हता. तरी बटण दाबलं, आणि ते बरोबर दाबलं की चुकीचं, हे त्याला पुढे बावीस वर्षं कळलं नाही.

संघ बाहेर गेला. काही वर्षांनी लीगनेही गाशा गुंडाळला आणि रिंकमध्ये आज फर्निचरचं गोदाम आहे. मीटर वाचायला गेलं की लोक ऐकवायचे, "आकडा तरी नीट बघा हो!" ते त्याने गिळलं. पण भिंतीने घरी येणं सोडलं ते सोडलंच. बायकोने नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त शनिवारी ती तीन पेले मांडायची आणि मग एक परत ठेवायची. मीटर त्या वेळी दुसऱ्या खोलीत जायचा. खरं काय ते एकट्या भिंतीला माहीत होतं, पण त्याला विचारायचं तर आधी आपण पाहिलं नव्हतं हे कबूल करायला हवं होतं.

यंदा दोघांनाही मोतीबिंदू निघाला. नणंद-भावजयींनी फोनवर कुजबुजून दोघांना एकच तारीख मिळवली. डोळ्यांच्या दवाखान्यात लांबलचक बाकावर नर्सने थेंब घातले आणि बजावलं, "डोळे मिटून बसा. उठायचं नाही." थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी खोकलं. तो खोकला मीटरने हजारात ओळखला असता.

"भिंत?"

बाक करकरला.

"ताईचे उद्योग हे," शेजारून आवाज आला. "आमच्या घरातलीही सामील आहे."

"उठून जाऊ नकोस रे."

"जातोय कुठे? दार कुठे आहे तेच दिसत नाही."

डोळे मिटलेले होते म्हणून की काय, मीटरला बोलायला जमलं. "त्या दिवशी मी पक पाहिला नव्हता. तू मागे वळलास आणि जाळीतून मला फक्त तुझं तोंड दिसलं. शाळेतली काच फोडून गुरुजींसमोर उभा होतास ना, तसलं तोंड. त्या तोंडावर मी बटण दाबलं. चुकलो असेन तर आज सांगून टाक."

"नव्हता पाहिलास?" भिंत जवळजवळ ओरडलाच. "आणि मी बावीस वर्षं समजतोय, तू सगळं पाहिलंस!"

"सगळं म्हणजे?"

"आत होता रे. चांगला वीतभर आत. मी हाताखाली धरून बाहेर ओढला. वर गाव तुझ्या नावाने खडे फोडत होतं तेव्हा तोंड शिवून बसलो. कुठल्या तोंडाने येणार होतो घरी?"

मीटरला राग यायला हवा होता. तो आलाच नाही. आला तो हुंदका, आणि एक आल्यावर दुसरा थांबेना. भिंतीचा हात चाचपडत आधी बाकावर पडला, मग त्याच्या गुडघ्यावर येऊन घट्ट बसला. तोही मुसमुसत होता.

नर्स परत आली, दोघांच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि वैतागली. "काय हे, आजोबा? सगळं औषध वाहून गेलं! आता पुन्हा पहिल्यापासून. अजून तासभर दोघांनीही इथून हलायचं नाही."

"बावीस वर्षांचं बोलायचंय. तासाने काय होतंय, बाई?" भिंत म्हणाला.