सांडपाणी निळं नसतं

आमच्या कॉलेजने विकत घेतलेल्या व्हिडिओत सांडपाणी निळं होतं. आकाशी म्हणावं असं. ते एका पांढऱ्याशुभ्र टाकीतून दुसरीत जायचं, मागे बासरी वाजायची आणि शेवटी एक मासा हसायचा. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला पर्यावरण अभियांत्रिकी शिकवताना मी हे दोन वर्षं दाखवलं, याची मला आजही लाज वाटते. जळगावच्या उन्हातून आलेली मुलं अंधाऱ्या वर्गात छान डुलक्या काढत.

पुढच्या वर्षी रावेरकडच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या हॉस्टेलचं पाणीपण असंच निळं होतं का?" वर्ग हसला. कॉलेजच्या मागेच सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट होता आणि हा विषय शिकवणारी मी बाई तिथे एकदाही फिरकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग घेऊन गेले. टाकीत काळं पाणी, वर बुळबुळीत साय. या टाकीत खालून सतत हवा सोडायची असते. तिच्यावर जगणारे जिवाणू घाण खातात आणि पाणी उकळी फुटल्यासारखं दिसतं. आमच्याकडे एक बुडबुडा नव्हता. हवा सोडणारा ब्लोअर गप्प होता. प्लांट सांभाळणारे नाना कट्ट्यावर बसले होते. त्यांना विचारलं, बिघडलाय का?

"नई मॅडम, मशीन बठ्ठं चांगलं शे," नाना म्हणाले. "गेस्ट हाउसले आवाज जास म्हनीसन बंद ठेवाले सांगेल शे. पाहुना येतीन तवय चालू करसूत."

म्हणजे गेस्ट हाउसला आवाज जातो म्हणून चांगलं मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि प्लांट बघायला पाहुणे आले की तेवढंच चालू करायचं. एका मुलाचा मोबाईल चालू होता. त्यात हे सगळं रेकॉर्ड झालं.

मग मी मुलांना कामाला जुंपलं. रोज अकरा वाजता, एकाच जागी उभं राहून टाकीचा एक फोटो. शिवाय त्या टाकीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात भरायचं आणि अर्ध्या तासात गाळ कसा खाली बसतो त्याचा व्हिडिओ घ्यायचा. हवा मिळून जिवाणू नीट वाढले तरच तो बसतो; आमचा काही बसायचा नाही. त्यावरून वर्गात जी भांडणं झाली, त्यात मुलं जेवढं शिकली तेवढं निळ्या पाण्याने सात जन्मांत शिकली नसती. प्लांटचं पाणी ओढ्याने खालच्या गावाच्या केळीपर्यंत जातं, हेही त्यांनीच पायी जाऊन शोधलं.

महिन्याचे फोटो एकामागोमाग लावून, मागे नानांचं ते रेकॉर्ड झालेलं बोलणं जोडून आम्ही मिनिटभराची फिल्म केली. काळं, काळं, काळं, मध्येच एके दिवशी पांढरा फेस उसळलेला, पुन्हा काळं. फेसाच्या दिवशी गेस्ट हाउसमध्ये नव्हे, थेट प्लांट बघायला कोणी बडे पाहुणे आले होते.

तपासणी समिती यायची होती तेव्हा प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, विद्यार्थ्यांचे सगळे प्रकल्प दाखवा. ती फिल्म तेवढी राहू द्या."

"का सर?"

"तुमची नेमणूक कंत्राटी आहे. जूनमध्ये मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर येतो."

आवाज अगदी गोड होता. मला भयंकर राग आला. भीतीही वाटली, खोटं कशाला सांगू. पण मुलांना महिनाभर उन्हात उभं करून आता शेपूट घालायची, हे मला जमणारं नव्हतं.

तिथून थेट नानांकडे गेले. मी माझ्या नोकरीवर उदार होऊ शकत होते, त्यांच्या नाही. म्हटलं, नाना, तुमचं बोलणं त्यात आहे. काढून टाकू का?

"कसाले? मी काय खोटं बोलेल नई," नाना म्हणाले. "दखाडा." खुशाल दाखवा म्हणत होते.

समितीपुढे आधी आवाज बंद ठेवून नुसते फोटो दाखवले. मग प्राचार्य म्हणाले, "आमचा ऑपरेटर आळशी आहे. त्याला काढणारच आहोत."

तेव्हा मी आवाज वाढवला, लॅपटॉपचा. नानांचं वाक्य ऐकवलं. एका सदस्याला खानदेशी नीट कळली नाही, म्हणून पुन्हा ऐकवलं आणि शब्दाशब्दाचा अर्थ सांगितला.

समितीने काय लिहिलं ते मला कळलं नाही. ब्लोअर मात्र दुसऱ्या दिवसापासून चालू झाला. नानांना कोणी हात लावला नाही. माझा कागद जूनमध्ये आला नाही.

जुलैत धुळ्याच्या एका कॉलेजात मुलाखतीला गेले. तिघे जण समोर होते. पहिलाच प्रश्न, जळगाव का सोडलं? मी लॅपटॉप उघडला आणि फिल्म लावली. ती संपल्यावर विचारलं, "तुमचा प्लांट कुठल्या बाजूला आहे?"

एकाने खिडकीकडे बोट केलं, दुसऱ्याने दाराकडे.

"पहिल्याच आठवड्यात पोरं तिथे मोबाईल घेऊन जाणार," मी म्हटलं. "मला घ्यायचं तर हे गृहीत धरून घ्या."